पोलादी स्कूबा टाकी रंगवण्यापूर्वी

तारकर्लीच्या समुद्रात बुडी मारताना श्वासाच्या हवेसाठी वापरलेली माझी बारा लिटरची पोलादी टाकी गेल्या वर्षी मी जळगावच्या घरी मोठ्या हौसेने रंगवून घेतली. ट्रकच्या फळ्या रंगवणाऱ्या पेंटरने तिच्यावर केळीचा घड काढला आणि खाली वळणदार अक्षरांत ‘मनी टाकी’, म्हणजे माझी टाकी, असे अहिराणीत लिहून दिले. चार महिन्यांनी तपासणीच्या वेळी बुडाचा रबरी बूट उतरवला, तेव्हा आत तांबूस चिखल साचलेला होता आणि पोलादाला खड्डे पडलेले होते. टाकी बाद झाली; घडाला मात्र ओरखडाही नव्हता.

म्हणून सर्वांत आधी बूट काढावा. टाकी धुवावी, पुसावी हे कोणीही करतो आणि मीही केले होते, पण बूट न काढता. पोलादी टाकीचे बूड गोल असते, ती उभी राहावी म्हणून हा बूट चढवतात, आणि त्याच्या व पोलादाच्या फटीत समुद्राचे पाणी शिरून बसते. आमच्याकडच्या कोरड्या हवेत गंज कशाचा चढतो, अशी माझी समजूत होती. पाणी आटले तरी मीठ तिथेच राहते, ते पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढून घेते, आणि मे महिन्यात टाकी कूलरच्या खोलीत ठेवली असेल तर पावसाळ्याची वाटही पाहावी लागत नाही. बूट काढून, गोड्या पाण्याने दोनतीनदा धुऊन टाकी रात्रभर आडवी ठेवावी. बोअरचे पाणी जड असल्यास शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा द्यावा. टाकीवर जाळी असेल तर तीही उतरवावी. बूट निघत नसेल तर कोमट पाणी ओतून हळूहळू फिरवावा, पण तो तसाच ठेवून पुढे जाऊ नये.

बहुतेक पोलादी टाक्यांना बाहेरून जस्ताचा मुलामा असतो आणि तो स्वतः झिजून पोलादाला वाचवतो, त्यामुळे बारीक ओरखड्याने लगेच बिघडत नाही. हा मुलामा आपणच घालवला तर मात्र इलाज नाही. तारेचा ब्रश, ग्राइंडर, व्हिनेगर, कॉस्टिक सोडा यांपैकी काहीही वापरू नये, कारण जस्त आम्लातही विरघळते आणि तीव्र अल्कलीतही. भांड्यांची हिरवी घासणी हलक्या हाताने फिरवून चकाकी मोडली की पुरे. त्यावर लोखंडी गेटचा ऑइल पेंट थेट मारला तर त्याच्या तेलाची जस्ताशी प्रक्रिया होऊन साबणासारखा थर तयार होतो, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि त्या पापुद्र्यांखाली पुन्हा पाणी शिरते. जस्तावर चालणारा दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर आधी द्यावा आणि पेंटरला हे दोनदा सांगावे, कारण तो मान डोलावून गेटचाच डबा उघडतो.

एमआयडीसीत पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत तापवून बसवायचा भुकटीचा रंग, करून घेण्याचा मोह होतो, तो आवरावा. त्या भट्टीत काम साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला चालते आणि दाबाची टाकी अशा भट्टीत घालण्याची वस्तू नव्हे. नाव कोरणे, ठोकणे, वेल्डिंग करणे याविषयी बोलायलाही नको. खांद्यावर कोरलेला क्रमांक, कामाचा दाब आणि चाचणीची तारीख रंगाने बुजवू नये. आपल्याकडे या टाक्या गॅस सिलिंडर नियम, २०१६ च्या कक्षेत येतात आणि खुणा वाचता आल्या नाहीत तर भरणारा टाकी परत पाठवील. श्वसनाच्या हवेची काळी-पांढरी खूण असेल तर तीही तशीच ठेवावी.

रंगवताना टाकीत दहापंधरा बार (बार हे दाबाचे माप) हवा राहू द्यावी, म्हणजे आत दमटपणा शिरत नाही. भरलेली टाकी उन्हात वाळत घालू नये. २७ अंशांना २०० बार असलेला दाब ४७ अंशांना सुमारे २१३ बार होतो. झडपेला मास्किंग टेप लावावी.

स्टिकर लावायचे असल्यास छोटे, गोल कोपऱ्यांचे लावावेत. कड उचलली की फेकून द्यावेत, कारण सुटलेला स्टिकर म्हणजे लहानसा बूटच असतो. टाकीभर गुंडाळायचे व्हिनाईल नको.

प्रत्येक सहलीनंतर बूट काढावा, धुवावा, वाळवावा. रंगाचे दोन पातळ हात, मधे डब्यावर लिहिलेला वेळ. झाले. बूट परत चढवायचा तो पुरते वाळल्यावर, बुडावरून कोरडे फडके फिरवून ते कोरडेच निघाले तर.