अमोनिया सपाट निघाला तेव्हा

कम्प्युटेशनल केमिस्ट्रीचं, म्हणजे संगणकावर रेणूंची गणितं करण्याचं, पहिलं प्रॅक्टिकल घेतलं तेव्हा सॉफ्टवेअर अडून बसेल याचीच धास्ती होती. झालं उलटंच, ते कुठेच अडलं नाही.

एका विद्यार्थिनीने अमोनियाचे सहनिर्देशक हाताने टाइप केले आणि चारही अणूंचा झेड शून्य ठेवला. ऑप्टिमायझेशन, म्हणजे सर्वात कमी ऊर्जेच्या रचनेचा शोध, सुरळीत संपलं, एरर नाही, कोन नेमका १२० अंश. "सर, वर्गात तर तुम्ही १०७ सांगितला होता." मी मिनिटभर गप्प. मग म्हटलं, याच रचनेच्या फ्रिक्वेन्सी, म्हणजे कंपनांचे आकडे, काढ. यादीतला पहिलाच आकडा उणे, म्हणजे रचना स्थिर नाही! अ‍ॅव्होगॅड्रो या रेणू दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्यावर क्लिक केलं, तर वाऱ्यात छत्री उलटावी तसा नायट्रोजन एका बाजूला आणि हायड्रोजन दुसऱ्या बाजूला जाऊ लागले.

सपाट रेणूत प्रतलाबाहेर ओढणारं बलच नसतं, म्हणून प्रोग्रॅम तिथेच समाधानी राहतो. नायट्रोजन जरासा वर सरकवून पुन्हा जॉब लावला, तेव्हा कोन १०७ जवळ आला. दोन्ही रचनांच्या ऊर्जेतला फरक म्हणजे रेणू उलटण्याचा अडथळा. प्रयोगातून तो सुमारे २४ किलोज्यूल प्रति मोल येतो. सॅडल पॉइंट, म्हणजे एका दिशेने शिखर आणि बाकी दिशांनी दरी असलेला बिंदू, फळ्यावर कितीदा काढला असेल मी, पण पोरांना कळला तो त्या दिवशी.

तेव्हापासून माउसला हात लावण्याआधी मी कागदावर अंदाज लिहून घेतो. ऑक्सिजनच्या वेळी याचा फार उपयोग होतो. मल्टिप्लिसिटीच्या (अयुग्मित इलेक्ट्रॉनांची संख्या अधिक एक) रकान्यात १ बहुधा आधीच भरलेला असतो. ज्याने आधी एमओ (रेणू-कक्षकांची) आकृती काढली, त्याला दोन अयुग्मित इलेक्ट्रॉन दिसलेले असतात. तो त्याचा ३ करतो. बाकीचे सिंग्लेट, म्हणजे सगळे इलेक्ट्रॉन युग्मित असलेली अवस्था, घेऊन येतात, जो प्रत्यक्षात ९४ किलोज्यूल प्रति मोल वर आहे आणि आपल्या साध्या गणनेत त्याहूनही वर जातो.

बेसिस सेटवर, म्हणजे कक्षक मांडायला वापरलेल्या फंक्शनांच्या संचावर, पहिल्या दिवशी व्याख्यान नको. ६-३१जी-स्टार देऊन टाका. डी फंक्शन नसलेला ६-३१जी घेतला, तर हार्ट्री-फॉक या साध्या गणनापद्धतीला अमोनिया ११६ अंशांचा येतो. ते कोडं पुढच्या तासाला.

आणि जर्नल तपासताना दशांश बघा. १ हार्ट्री (आउटपुटमधलं ऊर्जेचं एकक) म्हणजे २६२५.५ किलोज्यूल प्रति मोल. एकाने दोन दशांशांपर्यंत राउंडिंग करून ब्युटेनच्या अँटी आणि गॉश या (मधल्या बंधाभोवती वेगळं वळलेल्या) रूपांतला फरक चक्क शून्य लिहिला होता. तो असतो ३.८ किलोज्यूलच्या आसपास, म्हणजे हार्ट्रीच्या तिसऱ्या दशांशात. आता आउटपुटमधला आकडा आहे तसा उतरवून घ्यायला लावतो. राउंडिंग वजाबाकी झाल्यावरच.