राजकारस्थानाची कादंबरी लिहिताय? या चुका टाळा

कॉलेजातली मुलं-मुली अलीकडे मला जी हस्तलिखितं वाचायला देतात, त्यांत एक प्रकार सारखा भेटतो. काल्पनिक राज्य, मरणपंथाला लागलेला राजा, दरबारात एक फितूर, थोडी जादू, आणि गादीच्या वाटेवर उभी असलेली सोळा-सतरा वर्षांची मुलगी. मला हा प्रकार मनापासून आवडतो. मराठीत तो भरपूर लिहिला जावा असं वाटतं, आणि कोल्हापुरात बसून लिहिणाऱ्याला तर त्याचा कच्चा माल पायाखाली सापडतो. म्हणूनच चांगली सुरुवात झालेली कथा ठरावीक जागी अडकलेली पाहिली की जीव तळमळतो. त्या जागा कुठल्या, आणि तिथून बाहेर कसं पडायचं, ते लिहितो.

दरबार आहे, पण राज्य चालतच नाही

सगळ्यात जास्त हस्तलिखितं इथे कोसळतात. सिंहासनावर जो बसेल तो राजा, एवढ्यावर कथा उभी असते. मग कारस्थान म्हणजे विषाचा पेला किंवा रात्रीची कट्यार, याच्या पलीकडे लेखकाला काही सुचत नाही, आणि शंभराव्या पानाच्या आसपास कथा बसते.

एकदा पन्हाळ्यावर जा आणि अंबरखान्यात उभे राहा. गंगा, यमुना, सरस्वती ही तिथल्या धान्यकोठारांची नावं. जाड भिंती, उंच छत, आत शिरलं की गारवा. वेढा पडला की गडाचं भवितव्य तलवारीइतकंच या कोठारांवर ठरायचं. मग किल्ली कोणाकडे होती, हिशोब कोण लिहीत होतं, पगार थकला की शिबंदी, म्हणजे गडावरची फौज, कोणाचं ऐकत होती? तुमचं कारस्थान या प्रश्नांत दडलेलं आहे.

रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ वाचा. राज्य कसं राखावं यावरचा हा ग्रंथ करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, गादीच्याच सावलीत लिहिला गेला. गडाला एकच दरवाजा असणं हा मोठा दोष, म्हणून जास्त दरवाजे आणि चोरदिंड्या (लपलेल्या लहान वाटा) ठेवाव्यात, असं त्यात सांगितलंय. गडावरचा कारभारही हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस असा वाटलेला असायचा. एकाच माणसाच्या हाती सगळं नाही, म्हणजे एकटा माणूस फितूर झाला तरी गड जात नाही. आता तुमच्या खलनायकाला तो गड हवा असेल तर त्याला एकाला पैशाने, दुसऱ्याला भीतीने, तिसऱ्याला जुन्या अपमानाची आठवण देऊन फोडावं लागेल. तीन माणसं, तीन प्रकरणं, आणि तिसरा फुटतो की नाही यावर सगळं अवलंबून!

कथा मधे बसली असेल तर कागदावर चार शब्द लिहा: धान्य, पगार, शिक्का, बातमी. प्रत्येकापुढे एका पात्राचं नाव. चारही ठिकाणी राजाचंच नाव येत असेल तर दोष सापडला. शिक्क्याचंच घ्या. मराठी पत्रांवर वरती मुद्रा असायची आणि शेवटी मोर्तब, म्हणजे मजकूर संपल्याचा शिक्का. मोर्तब झालं की त्यापुढे कोणाला ओळ घुसडता येत नाही. मोर्तब एका रात्रीपुरतं हाती लागलेली मुलगी काय काय करू शकेल, याचा विचार करा.

विरोधकाला स्वतःची बाजूच नाही

पन्हाळ्यावरची 1714 सालची घटना या दृष्टीने पुन्हा वाचावी अशी आहे. राजाराम महाराजांच्या पश्चात त्यांच्या राणी ताराबाई आपला मुलगा शिवाजी याच्या नावाने कारभार पाहत होत्या. त्यांना बाजूला सारलं ते मोगलांनी नाही. त्यांच्या सवतीने, राजसबाईंनी, दरबारातली माणसं वळवून आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसवलं. ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैदेत पडले. एक मुलगा अठराच्या आसपास, दुसरा सोळाच्या. ही तुमच्या वाचकांची वयं आहेत.

राजसबाईंना दुष्ट ठरवणं सोपं आहे. पण त्यांच्या जागी उभं राहून पाहा: आपला मुलगाही राजाचाच, आणि सत्ता मात्र कायम दुसऱ्या वाड्यात. त्यांना आपण अन्याय करतोय असं वाटलं असेल का? मला नाही वाटत. हस्तलिखितात मात्र सावत्र आई पहिल्याच पानावर कुत्सित हसते आणि शेवटपर्यंत तेच करते.

उपाय असा: कटाचा प्रसंग एकदा संपूर्ण विरोधकाच्या नजरेतून लिहा. कादंबरीत नाही घेतला तरी चालेल. लिहिताना तुम्हालाच तिचं पटलं नाही, तर वाचकाला तिची भीती वाटणार नाही.

तलवार दिली की नायिका खंबीर झाली, असं धरणं

पहिल्या प्रकरणात तालीम, दुसऱ्यात तीन सैनिक लोळवले, आणि तिसऱ्यापासून मुलगी कुठलाच निर्णय घेत नाही. प्रसंग तिच्यावर कोसळत राहतात. खंबीरपणा निर्णयात दिसतो, आणि त्या निर्णयाची किंमत तिला मोजावी लागली तरच.

1700 साली राजाराम महाराज सिंहगडावर वारले तेव्हा ताराबाई पंचविशीच्या होत्या, मुलगा चार वर्षांच्या आतबाहेर, आणि खुद्द औरंगजेब महाराष्ट्रात गड घेत फिरत होता. त्यांनी सात वर्षं लढा चालवला: सरदार नेमले, फौजा नर्मदेपलीकडे पाठवून बादशहाच्या मुलखातच धामधूम उडवली. पण मला जास्त विचार करायला लावतात ती त्यांची नंतरची वर्षं. ज्या रामराजाला त्यांनी स्वतः आपला नातू म्हणून पुढे आणलं, त्यालाच 1750 मध्ये, पंचाहत्तरीच्या वयात, त्यांनी साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलं आणि तो आपला नातू नव्हेच असं सांगितलं. हे वाचून आदर आणि अस्वस्थता दोन्ही वाटतं. तुमची नायिका प्रत्येक पानावर बरोबरच असेल तर असं काही वाचकाला कधीच वाटणार नाही. तिला एक तरी गोष्ट करू द्या, जी तिच्या जिवलग मैत्रिणीला सहन होणार नाही.

इथे एक जपायची गोष्ट. ताराबाईंना जादू देऊ नका. खऱ्या व्यक्तीचं नाव ठेवून मनाने रचलेले प्रसंग लिहिणं मला योग्य वाटत नाही. इतिहासातून पेच घ्या, माणसं आपली घडवा.

रहस्य शेवटपर्यंत झाकून ठेवणं

फितूर कोण हे शेवटच्या पानावर कळलं की वाचक क्षणभर दचकतो, बस्स. तेच त्याला आधी कळलं आणि नायिकेला कळलं नाही, तर ती त्या माणसासमोर बोलायला बसली की वाचकाचा घसा कोरडा पडतो. खासबागेत कुस्ती बघणाऱ्याला दोन्ही पैलवानांचे हात दिसत असतात, म्हणून तर तो उठून उभा राहतो. सगळं उघडं करा असं मी म्हणत नाही. दोन रहस्यांपैकी एक वाचकाच्या हाती देऊन टाका.

जादूने कारस्थानच मरतं

मन वाचणारी जादू असलेल्या दरबारात खोटं बोलणार कोण? आणि खोटं नसेल तर कट कुठला? क्षणात निरोप पोचत असेल तर वाटेत पत्र पकडलं जाणार नाही. जादू ठरवताना ती कोणता पेच सोडवते यापेक्षा कोणते पेच संपवते ते आधी तपासा. मग तिला मर्यादा घाला, पहिल्या काही प्रकरणांतच, आणि ती मर्यादा स्वतःच्या सोयीसाठी मोडू नका.

अंतर आणि पाऊस यांनाही असंच जपा. कोल्हापूर ते सातारा सुमारे सव्वाशे किलोमीटर. घोड्यावरून ते एका प्रहरात होत नाही. जुलैत पंचगंगा पात्राबाहेर आली की वाटा बंद होतात. 1660 च्या जुलैत पन्हाळ्याचा वेढा फोडून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले ते अशाच पावसात. काल्पनिक राज्यातही पाऊस पडू द्या.

सगळे एकाच आवाजात बोलतात

मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ या तीन पायऱ्या आहेत, आणि दरबारी कथेसाठी एवढं धारदार हत्यार दुसरं नाही. काल ‘आऊसाहेब, आपण’ म्हणणारा कारभारी आज नुसतं ‘तुम्ही’ म्हणाला, की बंड झालं हे नायिकेला कळलंच. वेगळं सांगावं लागत नाही. असं असताना संवादात सरसकट ‘तुम्ही’ कशाला?

प्रेमाच्या त्रिकोणाबद्दल थोडक्यात: दरबारात लग्न हा तह असतो. दोघांपैकी कोण जास्त देखणा यापेक्षा कोणामागे किती गड आहेत, हे तिला ठाऊक असू द्या. मग तिचं मन कुठेही जाऊ दे.

आणि मोठ्यांना दाखवण्याआधी हस्तलिखित पंधरा वर्षांच्या मुलीला वाचायला द्या. ‘आवडलं का’ विचारू नका. कुठल्या पानावर खाली ठेवलं ते विचारा आणि त्याच्या आधीची दहा पानं पुन्हा लिहा.