जुनं, मोठ्या बोअरचं रिव्हॉल्व्हर घेताय? या चुका टाळा

नाशकात जुनं रिव्हॉल्व्हर विकायला निघालं की सोबत एक कथा फुकट मिळते. ‘जॅक्सनच्या वेळचं आहे’ ही त्यातली सगळ्यात लाडकी. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडताना अनंत कान्हेरे यांच्या हातात होतं ते ब्राउनिंगचं पिस्तूल, रिव्हॉल्व्हर नव्हे. कथा चहाबरोबर ऐकून घ्यावी, पैसे हत्याराचे द्यावेत. आणि हत्याराआधी बोअर, म्हणजे नळीच्या आतला व्यास, बघावा.

बोअर न बघता इसार देणं

ही चूक सगळ्यात महाग पडते आणि तरी सगळे करतात. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत साफ लिहिलंय: .३८० किंवा .४५५ चं रिमवालं, म्हणजे बुडाची कड बाहेर आलेलं, काडतूस, किंवा लष्करी ९ मिमी वा .४५ रिमलेस, यातलं काहीही ज्यात बसतं आणि उडतं, ते पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित बोअरचं. म्हणजे .४५५ ची वेब्ली मार्क सहा, .३८० चं एनफिल्ड नंबर दोन, क्लिप (रिमलेस काडतुसं धरून ठेवणारी पत्री) लावून .४५ उडवणारं १९१७ चं कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन, ही संग्राहकांच्या यादीतली पहिलीच नावं साध्या परवान्यावर चढत नाहीत. शहरातले पोलीस आयुक्त असोत की ग्रामीण भागातले जिल्हाधिकारी, हा परवाना त्यांच्या हातात नाही. तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाचा. उरतात .३५७ मॅग्नम, .४४ मॅग्नम वगैरे. १९८० च्या दशकात आयात जवळपास बंद झाल्यापासून त्यांचे भाव गगनाला भिडलेत, म्हणून घाई आणखीच नडते.

नाशिकरोडच्या एका पोराचं उदाहरण पुरेसं बोलकं आहे. नोकरी टेक्ससमध्ये. तिथल्या गन शोमध्ये त्याला वेब्ली मार्क सहा स्वस्तात मिळाली. स्वस्त का, ते विचारलं नाही. सिलिंडरचा मागचा भाग तासलेला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत विकलेल्या पुष्कळ वेब्ली अशा तासल्या गेल्या, कारण .४५५ ची काडतुसं तिथे मिळत नव्हती आणि .४५ एसीपी, म्हणजे वरचंच .४५ रिमलेस, ढिगाने मिळायची. काडतूस बसतं, उडतंही. पण .४५५ ची कमाल दाबमर्यादा साधारण १३,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) आणि .४५ एसीपीची २१,०००. काडतुसं भरायला मधून मोडून उघडणाऱ्या चौकटीला हा दाब रोज झेपत नाही. थोड्याच दिवसांत नळी आणि चौकट यांचा सांधा खुळखुळायला लागला. मग साहेबांनी ठरवलं, भारतात परतताना बॅगेजमधून घरी न्यावी. .४५५ म्हणून प्रतिबंधित, तासून .४५ केली म्हणूनही प्रतिबंधित. शेवटी तिथेच मिळेल त्या भावात विकली.

तासलेली वेब्ली ओळखायला मिनिटही लागत नाही. सिलिंडरचं मागचं तोंड बाकीच्या अंगापेक्षा वेगळं, उघड्या लोखंडाचं दिसतं, आणि.४५५ चं डमी काडतूस टाकलं तर त्याचं बूड आणि मागची प्लेट यांच्यात डोळ्यांना दिसेल एवढी फट राहते. विकणारा ‘मजेत चालते’ म्हणाला तरी कारखान्याची .४५ एसीपी तिच्यात घालू नये.

कागदांत घाई

डिसेंबर २०१९ पासून एका माणसाकडे दोनच हत्यारं; वारशाने आलेलंही त्यातच धरतात. एका परवानाधारकाने दुसऱ्याला विकायचं तर आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. ‘हत्यार आज घेऊन जा, कागद होतील’ म्हणणाऱ्याला रामराम ठोकावा. परदेशातून बॅगेजमध्ये आलेल्या हत्यारावर विक्रीबंदीची अट असते, मालकाच्या परवान्यावरची नोंद वाचा. क्रमांक खरवडलेला असेल तर हातसुद्धा लावू नका.

चकाकीला भुलणं

मूळ ब्लूइंग (लोखंडावरचा कारखान्याचा निळसर-काळा थर) साठ टक्के उरलेलं रिव्हॉल्व्हर नव्याने काळं केलेल्यापेक्षा जास्त मोलाचं असतं, हे नवशिक्यांच्या पचनी पडत नाही. घरातली समई घासावी तसं हत्यार बफिंगच्या चाकावर देणारे महाभाग आहेत. एक तर बिनपरवाना कारागिराच्या हातात हत्यार देणं हाच गुन्हा. वर कडा गोल होतात, स्क्रूची भोकं बशीसारखी खोलगट होतात आणि प्रूफचे, म्हणजे दाबाची चाचणी झाल्याचे, छाप पुसले जातात. विकत घेताना नेमकं हेच शोधायचं: छापाची अक्षरं उथळ आणि कडा मऊ असतील तर वरचा काळा रंग कितीही सुंदर असो, भाव पाडून मागा.

चाचण्या सगळ्या रिकाम्या हत्यारावर, सिलिंडर स्वतः उघडून बघितल्यावरच. बोटाने सिलिंडरला हलका अडसर द्या आणि घोडा हळूहळू मागे ओढा. घोडा शेवटच्या खाचेत बसण्याआधी सिलिंडर कुलूपबंद व्हायला हवा. सिलिंडरच्या सहाही घरांवर (काडतुसांच्या भोकांवर) हे बघा, एकावर बघून समाधान मानू नका. घोडा चढवून अंगठ्याने पुढे दाबा, सुटला तर व्यवहार संपला. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट फीलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पत्र्यांनी) मोजा: ०.१० ते ०.२० मिमी छान, ०.३० च्या वर मी घेत नाही. नळीत उजेड टाकून बघताना काळं कडं दिसलं, तर तिथे कधीतरी अडकलेल्या गोळीमागून दुसरी झाडली गेलीय.

‘जाम झालंय’ म्हणून स्क्रूड्रायव्हर काढणं

रेंजवर सिलिंडर फिरेना झाला की नवशिका साइडप्लेट (चौकटीच्या बाजूचं झाकण) उघडायला धावतो. दहातल्या नऊ वेळा दोष असतो पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली अडकलेल्या न जळलेल्या दारूच्या कणांचा. चांदणी नीट बसत नाही, काडतुसांची बुडं मागच्या प्लेटवर घासतात. जुना दातांचा ब्रश पुरतो. चांदणी उचला, खालून-वरून झाडा. तेल मात्र घालू नका, त्यात कण चिकटून बसतात. हे टाळायचं तर पुंगळ्या काढताना नळी आभाळाकडे ठेवा आणि चांदणी ढकलणारा रॉड एकदाच, जोरात, शेवटपर्यंत दाबा. नळी खाली धरून टिचक्या मारत बसलात की कण थेट चांदणीखाली जातात.

ब्रशने भागलं नाही तर रॉड बघा. स्मिथ अँड वेसनमध्ये तो झाडता झाडता सैल होऊन लांबतो आणि सिलिंडर उघडत नाही. साधारण १९६१ नंतरच्या हत्यारांत आटे उलटे आहेत, आधीच्यांत सुलटे. आवळताना घरांत रिकाम्या पुंगळ्या ठेवाव्यात, नाहीतर चांदणीच्या खुंट्यांवर ताण येतो. साइडप्लेट उघडायचीच असेल तर परवानाधारक गनस्मिथकडे. तो ती उचकटत नाही. स्क्रू काढून मुठीच्या चौकटीवर लाकडी दांड्याने टकटक करतो, ती आपोआप वर येते.

बाकीच्या चुका भराभर. मनगटाच्या झटक्याने सिलिंडर बंद करणं सिनेमात ठीक, खऱ्या हत्याराचा योक (सिलिंडर धरणारा हात) वाकतो. .३५७ मध्ये भरपूर .३८ स्पेशल (त्यातच बसणारी आखूड, सौम्य काडतुसं) झाडून लगेच मॅग्नम भरू नका. सिलिंडरच्या घरात पुढे कार्बनचं कडं साचतं, पुंगळ्या अडकतात, आधी पितळी ब्रश फिरवा. पण सुरुवात स्पेशलनेच करा, .४४ असेल तर .४४ स्पेशलने. पहिल्याच दिवशी मॅग्नम झाडणारा माणूस डोळे मिटून चाप ओढायला शिकतो आणि ती सवय जाता जात नाही. जडलीच असेल तर साथीदाराकडून मधूनमधून डमी काडतुसं भरून घ्या. डमीवर नळी खाली डुचकते ती सगळ्यांना दिसते. अंगठा सिलिंडरच्या फटीजवळ नको, गरम वायू कातडी कापतो. आवाज फुसका आला तर थांबा, हत्यार रिकामं करा, नळीत गोळी अडकली का बघा. आणि दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत बाटल्या मांडून नेमबाजी नको, रेंजवर जा. लग्नात हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे.

जुनी लष्करी काडतुसं झाडली असतील तर त्याच संध्याकाळी नळी आणि सिलिंडरची घरं कडक गरम पाण्याने धुवा. काडतुसाच्या बुडातल्या प्राइमरमधल्या पोटॅशियम क्लोरेटचं मीठ उरतं, ते तेलात विरघळत नाही. मग कोरडं करून तेल. आणि हत्यार चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका. जूनमध्ये ठेवलेलं दसऱ्याला काढाल तेव्हा शिवणीची रेघ सिलिंडरवर गंजाने उमटलेली असेल.