राजाराम बंधाऱ्याचा फूट आणि आपल्या गल्लीचा उंबरा: पुराचा तक्ता कसा करायचा

पंचगंगेचं पाणी पात्राबाहेर पडलं की कोल्हापुरात एकच प्रश्न विचारला जातो: राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झालं? ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. पण त्या आकड्याला आपल्या दारात पाणी कुठं असणार, हे बहुतेकांना सांगता येत नाही. मग ‘२०१९ ला पायरीपर्यंतच आलं होतं’ एवढ्या आठवणीवर माणसं घरात थांबतात आणि रात्री दोन वाजता बोट मागवावी लागते.

जिल्ह्याचा आराखडा आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचं प्राधिकरण करतं. महापालिकेचाही वेगळा असतो. या आराखड्यांत तालुका आणि प्रभाग दिसतो, तिसऱ्या घरातली अंथरुणाला खिळलेली आजी दिसत नाही. ते काम गावात ग्राम आपत्ती व्यवस्थापन समितीनं आणि शहरात तालमीनं किंवा मंडळानं विभागीय कार्यालयाला सोबत घेऊन करायचं. मे महिन्यात आठवडाभर दिला तर मृगाच्या आत होतं.

आधी उंबऱ्याचा आकडा काढा

२०२१ च्या जुलैत बंधाऱ्यावर पाणी ५६ फूट ३ इंचांपर्यंत गेलं होतं. त्या पुराची खूण बहुतेक गल्ल्यांत कुठल्या तरी भिंतीवर, खांबावर किंवा देवळाच्या कठड्यावर आहे. दोन-तीन जुन्या जाणत्यांना सोबत घेऊन ती पक्की करा. ओल भिंतीत वर चढते, त्यामुळं पोपडे आलेली रेघ ही पाण्याची पातळी नव्हे. गाळाची रेघ खरी.

गवंड्याकडची लेव्हल ट्यूब घ्या. बोटाएवढ्या जाडीची पारदर्शक नळी, १५ ते २० मीटर लांब. पाण्याची बादली उंचावर ठेवून नळी भरा आणि दोन्ही टोकं शेजारी-शेजारी धरून पाहा. पाणी एका रेषेत आलं नाही तर आत हवेचा बुडबुडा अडकला आहे. नळी टिचक्या मारून मोकळी करा, नाहीतर चार इंचांची चूक सहज होते. पुराची खूण डोक्याच्या वर असेल तर तिथून ओळंब्यानं बरोबर ५ फूट खाली दुसरी रेघ मारा आणि तिच्यावरून पातळी न्या. नळी पुरत नसेल तर टप्प्याटप्प्यानं पुढं सरका, प्रत्येक टप्प्यावर खडूची रेघ ओढा आणि येताना उलट मोजून ताळा करा.

समजा, एका घराचा उंबरा खुणेपेक्षा ४ फूट ९ इंच खाली भरला. ५६ फूट ३ इंचांतून तो वजा करा: ५१ फूट ६ इंच. बंधाऱ्यावर एवढं झालं की साधारण त्या उंबऱ्याला पाणी लागणार.

आता ज्याचा सगळ्यांना विसर पडतो ते. त्या घरातून बाहेर पडायचा रस्ता जिथं सर्वांत खोलगट आहे, तिथलीही उंची मोजा. ती खुणेपेक्षा ६ फूट ९ इंच खाली असेल तर रस्ता ४९ फूट ६ इंचांनाच बंद होतो. घर कोरडं, माणूस अडकलेला. पुरात बोटीनं काढावी लागणारी पुष्कळ माणसं अशीच अडकलेली असतात. म्हणून दोन्हींतला लहान आकडा धरा आणि त्यातून आणखी २ फूट वजा करा. ४७ फूट ६ इंच हा त्या घराचा ‘निघायचा आकडा’. तो चौकटीवर ऑइल पेंटनं लिहा.

हे गणित बंधाऱ्याच्या जवळपास बऱ्यापैकी जुळतं. चिखली, आंबेवाडीकडं नदीचा उतार वेगळा, तर जयंती नाल्याकाठी नदीची फूग, म्हणजे तुंबून मागं सरकणारं पाणी, नाल्यातून उलटी आत शिरते. तिथं एका खुणेवर थांबू नका. २०१९ ची खूण सापडली तर तिचाही ताळा घ्या, आणि यंदा पाणी चढताना दर दोन तासांनी गल्लीतल्या खांबावरची पातळी आणि बंधाऱ्याचा आकडा एकाच वहीत लिहा. शिरोळ तालुक्यात तर राजारामच्या फुटावर विसंबूच नये. नृसिंहवाडीला कृष्णेची फूग पंचगंगेला अडवते, त्यामुळं कोल्हापुरात पाणी उतरत असताना कुरुंदवाडात ते चढत असू शकतं. तिथं आपल्या पुलाची मोजपट्टी, कोयनेचा आणि अलमट्टीचा विसर्ग बघायचा.

तक्ता

एक मोठा कागद घ्या. पहिल्या रकान्यात निघायचे आकडे चढत्या क्रमानं. पुढं घर, माणसं, जनावरं, कुठं जायचं, कुणी न्यायचं. ‘कुणी’ या रकान्यात मंडळाचं नाव चालत नाही, माणसाचं नाव आणि फोन लागतो. प्रत्येकाला एक बदली माणूसही, कारण ज्याला तुम्ही नेमलंय त्याचंही घर त्याच पाण्यात असू शकतं.

नववा महिना लागलेल्या बायका आणि तान्ही मुलं आशाताईंच्या यादीत मिळतात. डायलिसिसवाले, इन्सुलिनवाले, ऑक्सिजनवाले आणि एकटे राहणारे म्हातारे मात्र घरोघर विचारूनच कळतात. यांचा आकडा घराच्या आकड्यापेक्षा आणखी २ फूट कमी धरा. डायलिसिसवाल्याला रस्ता बंद व्हायच्या आधी दवाखान्याच्या बाजूला नेऊन ठेवावं लागतं. तो आठवड्यात दोन-तीनदा जातो, आणि पूर तितक्या लवकर ओसरत नाही.

आकड्याबरोबर वेगही बघा. तीन तासांची वाढ घ्या. ताशी २ इंच वाढत असेल तर फुटाला ६ तास. निघायचा आकडा रात्री गाठला जाणार असं दिसलं तर दिवस मावळायच्या आत बाहेर काढा, आकडा झालेला नसला तरी. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की ते पाण्याच्या दाबानं उघडतात आणि एकेकातून १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येतं. कितवा दरवाजा किती वाजता उघडला आणि आपल्याकडं फरक किती तासांनी दिसला, हे वहीत टिपत गेलात तर पुढच्या वर्षी ती वही कुठल्याही मेसेजपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

जनावरं आधी

म्हैस गोठ्यात असेल तर घरचा कर्ता हलत नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही, कारण दूधच त्या घराचा पगार असतो. म्हणून जनावरांचा आकडा माणसांच्याही खाली ठेवा आणि जागा मे महिन्यातच ठरवा. मोठ्या जनावराला दिवसाला १५ ते २० किलो हिरवी वैरण, ५ किलोच्या आसपास वाळली आणि ५० लिटर पाणी धरा. ४० म्हशींना पाच दिवसांसाठी नुसती वाळली वैरणच एक टन लागते. ती पूर आल्यावर मिळत नाही. कानातल्या बिल्ल्याचे नंबर तक्त्यात लिहा, भरपाईला तेच मागतात. जनावर मागं ठेवायची वेळ आलीच तर दावं सोडा. बांधलेलं जनावर उभ्या जागी मरतं.

निवारा

शाळेच्या २० बाय २५ फुटांच्या वर्गात चाळीस माणसं बसतात, पण झोपू शकत नाहीत. माणशी साडेतीन चौरस मीटर, म्हणजे साधारण ३८ चौरस फूट धरलं तर तिथं १३ जण मावतात. वीस जणांमागं एक संडास, बायकांचा वेगळा आणि उजेडातल्या वाटेवरचा. वापरायचं पाणी माणशी रोज १५ लिटर: दोनशे माणसांना ३,००० लिटर.

हे पाणी नळाला येईल असं धरू नका. बालिंगा आणि शिंगणापूरची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली की पूर न आलेल्या पेठांतसुद्धा नळ कोरडे पडतात. कूपनलिका, पंप आणि जनरेटर यांची जोडी लावून मे महिन्यात एकदा प्रत्यक्ष चालवून बघा. पाच केव्हीएचा जनरेटर तासाला दीड लिटरच्या आसपास डिझेल खातो. रोज चार तास, पाच दिवस म्हणजे ३० लिटर. पुण्या-बेंगळुरूचा महामार्ग शिरोलीजवळ पाण्यात गेला की पंपावरचा साठा अत्यावश्यक गाड्यांसाठी राखून ठेवतात, तेव्हा कॅन घेऊन रांगेत उभं राहून उपयोग नसतो. गॅस सिलिंडर आणि बाळांची दूध पावडर यांचंही तेच.

निवाऱ्याचा रस्ताही तपासा. रत्नागिरी रस्ता केर्लीजवळ, गगनबावडा रस्ता मांडुकलीजवळ आणि बावडा-शिये रस्ता पाणी चढलं की बंद होतात. पलीकडचा निवारा कागदावर कितीही चांगला असला तरी तो आपला नव्हे.

बोट, वीज, फोन

बोटीवर जेवढी जॅकेट तेवढीच माणसं. २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त लोक होते. काठावर एक खमका माणूस उभा करा, ज्याचं काम फक्त मोजणं आणि ‘आता बास’ म्हणणं. गुऱ्हाळाची काहील (गूळ कढवायची मोठी कढई) पाण्यात सोडू नका, ती धारेत गरगरते आणि तिला वळवता येत नाही. उसाच्या फडावरून बोट नेताना पंख्यात पाला अडकतो, तिथं वल्ह्यानंच जा.

विजेचा डीपी बंद करायला ज्याला सांगायचं, त्या लाइनमनचा नंबर तक्त्यावर ठळक लिहा. जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८, बाकी सगळ्याला ११२. फोन करताना ‘आमच्याकडं पाणी आलंय’ एवढंच सांगून भागत नाही. घर कुठलं, माणसं किती, त्यात चालता न येणारी किती, पाणी कमरेला की छातीला, बोट कुठल्या बाजूनं येऊ शकते, या क्रमानं सांगा.

पाणी ओसरल्यावर

घर धुण्याआधी भिंतीवरची रेघ आणि भिजलेलं सामान यांचे फोटो काढा, पंचनाम्याला लागतात. वायरमननं बोर्ड तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नका. गाळ काढताना बूट आणि हातमोजे हवेतच. पायाला जखम असणाऱ्यानं लेप्टोच्या (घाण पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाच्या) गोळीबद्दल आरोग्य केंद्रात विचारावं.

विहीर आधी उपसून गढूळ पाणी काढा, मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ४ मीटर व्यासाच्या विहिरीत ५ मीटर पाणी असेल तर ३.१४ × ४ × ४ × ५ भागिले ४, म्हणजे सुमारे ६३ घनमीटर, म्हणजेच ६३ हजार लिटर. एरवी हजार लिटरला ५ ग्रॅम धरतात, पुरानंतर दुप्पट घ्या: साधारण ६३० ग्रॅम. पावडर थेट टाकू नका. बादलीत लगदा करा, पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या आणि वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत खाली-वर करा. खालचा चुना लांब टाका. तासाभरानं शेवटच्या नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते दाखवणारी) घ्या. पिवळा रंग आला नाही तर डोस पुन्हा द्या. एवढं करून रंग येत नसेल तर बहुतेक वेळा दोष पावडरीचा असतो. गेल्या वर्षी उघडलेल्या पोत्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो आणि उरतो तो नुसता चुना. टीसीएल जूनच्या आधी नवं, बंद पिशवीतलं घ्या आणि जमिनीपासून वर, कोरड्या खोलीत ठेवा.