हिपॅटायटिसचा देशभराचा ट्रेंड काढताय? या चुका टाळा

व्हायरल हिपॅटायटिसचा, म्हणजे व्हायरसमुळे लिव्हरला येणाऱ्या सुजेचा, दहा-पंधरा वर्षांचा ग्राफ घेऊन कोणी आलं की मी आधी एकच विचारतो, टेस्ट किती झाल्या आणि कोणाच्या झाल्या? बहुतेक वेळा उत्तर येतं, तो कॉलमच नाहीये. मग तो ग्राफ रोगाचा नाही, टेस्टिंगचा आहे.

पॉझिटिव्ह रिपोर्टला नवीन लागण समजणं ही सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक. हिपॅटायटिस सीचं घ्या. पहिली टेस्ट अँटीबॉडीची असते, आणि आपोआप किंवा औषधाने पूर्ण बरा झालेला माणूससुद्धा त्यात पुढे वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह येतो, आत्ता शरीरात व्हायरस आहे का ते आरएनए टेस्ट सांगते. तीही पॉझिटिव्ह आली तरी लागण कधीची ते कळत नाही, कारण बहुतेकांना सुरुवातीला काही त्रासच होत नाही आणि वीस वर्षांपूर्वीची लागण आज सापडते.

एकदा एका टीमचा ग्राफ माझ्याकडे आला. सीच्या केसेस एका वर्षात दुपटीच्या वर, खाली ठळक अक्षरात 'संसर्गात मोठी वाढ', आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेझेंटेशन. मी म्हटलं लाइन लिस्ट दाखवा, म्हणजे एका पेशंटची एक ओळ अशी यादी. उघडून बघितली तर बहुतेक पेशंट पन्नाशीच्या पुढचे, कावीळ जवळपास कोणालाच नाही, आरएनएचा कॉलम रिकामा. लॅबना एकेक करून फोन लावले तेव्हा कळलं की त्या वर्षी ऑपरेशनच्या आधी सगळ्यांची सीची टेस्ट करायला सुरुवात झाली होती. टेस्टच कितीतरी पटीने वाढलेल्या, शंभरामागे पॉझिटिव्ह उलट कमी झालेले. रात्री बसून अख्खं प्रेझेंटेशन बदललं. ज्याने ग्राफ काढला तो मुलगा हुशार होता, फक्त घाई होती, आणि या कामात घाई केली की हमखास असंच होतं.

आता लगेच 'मग पॉझिटिव्हिटी रेट (शंभर टेस्टमागे किती पॉझिटिव्ह) लावतो' म्हणू नका, तोही शॉर्टकटच आहे. आधी फक्त जास्त धोका असलेल्यांची टेस्ट होत होती आणि नंतर सरसकट सगळ्यांची व्हायला लागली तर तो रेट आपोआप खाली येतो, रोग तेवढाच असला तरी. मी केसेसचा आणि रेटचा असे दोन्ही ग्राफ शेजारी ठेवतो आणि कोणत्या गटाची टेस्ट झाली ते वर्षागणिक खाली लिहितो. दिसायला बोजड दिसतं, दिसू दे.

दुसरी चूक, सगळे हिपॅटायटिस एका रेषेत कोंबणं. ए आणि ई दूषित पाण्या-अन्नातून येतात, त्यांचा उद्रेक काही आठवड्यांत चढतो आणि उतरतो. बी आणि सी रक्तातून पसरतात, बी तर त्याखेरीज लैंगिक संबंधातून आणि आईकडून बाळालाही, आणि ते दशकांच्या हिशोबाने चालतात. यांची बेरीज करून काय मिळणार? आणि एचं तर अजून गुंतागुंतीचं आहे, लहान मुलांना लागण झाली तर बहुतेकदा लक्षणंच दिसत नाहीत, स्वच्छता सुधारली की लहानपणी लागण होत नाही, मग मोठेपणी होते आणि चांगलीच कावीळ होते. म्हणजे लागण कमी होत असताना नोंदलेल्या केसेस काही काळ वाढू शकतात.

बीच्या लसीचा परिणाम बघायचा तर पाच वर्षांपर्यंतच्या मुलांमधलं एचबीएसएजीचं (आत्ता बीची लागण आहे हे दाखवणारी रक्तातली खूण) प्रमाण बघा. जन्माच्या वेळी लागण झाली तर साधारण 90 टक्के बाळांमध्ये ती कायमची राहते, निरोगी मोठ्या माणसांत 5 टक्क्यांपेक्षा कमी. सगळ्या वयांच्या आकड्यात लसीआधी लागण झालेले मोठेही असतात, तो हलला नाही म्हणून लस चालत नाही असं लिहिणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

डुप्लिकेट काढा. क्रॉनिक, म्हणजे कायम राहिलेल्या बीचा पेशंट दरवर्षी टेस्ट करतो आणि दरवर्षी 'नवीन' म्हणून मोजला जातो, नावाचं स्पेलिंग मात्र प्रत्येक वेळी वेगळं. मी नाव सोडून आधी जन्मतारीख आणि लिंग जुळवतो, मग नाव डोळ्याने बघतो.

केसची व्याख्या बदलली त्या वर्षी ग्राफवर उभी रेघ मारा. सीचा व्हायरस 1989 मध्ये ओळखला गेला, त्याआधीच्या नोंदी 'नॉन-ए नॉन-बी' नावाखाली आहेत, त्या सी म्हणून जोडू नका.

2020 ची घट बघून खूश होऊ नका, कोविडमुळे टेस्टिंगच कमी झालं होतं.

शेवटचे दोन-तीन महिने नेहमी खाली गेलेले दिसतात कारण रिपोर्ट उशिरा येतात. मी तेवढा भाग तुटक रेषेने काढतो, आणि रिपोर्ट आल्याची तारीख न घेता लक्षणं सुरू झाल्याची घेतो, ती नसेल तर सॅम्पलची.

मृत्यूच्या नोंदीत नुसतं 'लिव्हर कॅन्सर' किंवा 'सिरोसिस' लिहिलेलं असतं, मागचा बी किंवा सी गायब. फक्त 'हिपॅटायटिस' शोधून मृत्यू मोजले तर बरेचसे हातातून निसटतात, म्हणून मृत्यूच्या कारणांचे ते दोन कोडसुद्धा वेगळे काढून शेजारी ठेवा.