नाथसागरावर पक्षी पाहायला जायचंय? आदल्या रात्री किल्ली मागून घ्या

हैदराबाद, इंदूर नाहीतर सुरतेहून हिवाळी सुट्टीत संभाजीनगरला मामांकडे येताय आणि एक सकाळ पैठणजवळच्या जायकवाडी धरणाच्या पाण्यावर, म्हणजे नाथसागरावर, काढायची आहे, तर सगळ्यांत आधी मामांच्या घराच्या गेटची किल्ली. दुर्बीण नंतर. डिसेंबरअखेर इथे सूर्य सातच्या आसपास उगवतो, पैठण पन्नासेक किलोमीटर, म्हणजे साडेपाचला घर सोडायचं. त्या वेळी गेटला कुलूप असतं आणि किल्ली मामांच्या उशाशी. पाहुण्याला त्यांना उठवायचा धीर होत नाही. उठवलंच तर घर जागं होतं, चहा होतो, "पोहे खाऊनच जा" होतं, आणि नऊ वाजतात. साडेदहाला काठावर पोचून उपयोग नाही. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते, वारा सुटतो, बदकं लांब मध्यावर जाऊन माना पाठीत खुपसून बसतात. स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची एकनळी दुर्बीण) असला तरी जितकं मोठं करून पाहाल तितकी थरथरही मोठी दिसते. म्हणून जेवणं झाली की किल्ली मागा, कुलूप एकदा स्वतः उघडून पाहा (जुनी कुलपं अडतात) आणि ती बुटात टाकून झोपा. मामींना तेव्हाच सांगा की नाश्ता नको, धपाटे आणि चटणी बांधून द्या. सकाळी सांगितलंत तर कढई चढलीच म्हणून समजा.

दुर्बीण ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर काचेची) पुरते. घरीच जुळवून ठेवा: उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा, मग डावी झाकून उजव्या नळीवरची कडी फिरवा. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप खाली. मर्लिन या पक्षी ओळखायच्या ॲपमधला भारतीय पक्ष्यांचा संच वायफायवर उतरवून घ्या. काठावर रेंजचा भरवसा नाही. पाणी, टोपी, स्वेटर हे सांगायला नकोच. कपडे मातकट रंगाचे. पांढरा शर्ट माळावर फार लांबून दिसतो.

अभयारण्य १९८६ चं, ३४१ चौरस किलोमीटरचं. सगळं पाहायचा हट्ट नको, एकच काठ धरा. पैठणच्या बाजूने पाणी पश्चिमेला पसरतं, त्यामुळे सकाळी सूर्य पाठीशी राहतो आणि रंग दिसतात. संध्याकाळी तिथेच सगळं काळं दिसतं. धरणाच्या भिंतीच्या नादी लागू नका, तिथे बंदोबस्त असतो. वन विभागाच्या परवानगीची चौकशी आधी करा.

पाणी ओसरत जातं तशी मागे गाळपेर जमीन उघडी पडते. तिच्यावर गाडी घालू नका. वरून कोरडी दिसते, खाली लोणी असते, आणि ट्रॅक्टर मिळेपर्यंत दुपार होते. गाडी कच्च्या रस्त्यावरच थांबवा, इंजिन बंद करा, आतूनच पाहा. माणूस उतरला की उडणारे लांब पायांचे शेकाटे गाडीजवळ निवांत चरतात. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक पाण्यात शोधा, पण पट्टकदंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) हवे असतील तर काठच्या कोवळ्या हरभऱ्यावरही नजर ठेवा. पीक कुणाचं तरी आहे, शेतकऱ्याला विचारल्याशिवाय बांध ओलांडू नका. रोहित (फ्लेमिंगो) दिसलेच तर पळत पुढे जाऊ नका. कळप उडाला की तो तुमच्यापुरता संपला.

दुसऱ्या दिवशी शेतावर हुरड्याला नेणार असतील तर दुर्बीण तिथेही न्या. ज्वारीवर भोरड्यांचे थवे, तारेवर नीलपंख, पडीक माळावर चंडोल आणि नशिबात असेल तर जमिनीवर पळणारा धाविक. इथेही पहाटेच निघायचं आहे, म्हणजे पुन्हा किल्ली. काल दिली होती म्हणून आज हाताशी असेल असं धरू नका. मामा ती परत उशाशी नेतात.

फोनवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका. घरट्याजवळ जाऊ नका. नोंदी त्याच रात्री. काचेवरची धूळ आधी फुंकणीने उडवा, मग पुसा, नाहीतर ओरखडे. बुटाची काळी माती वाळू द्या, ओली खरवडली तर मामींच्या ओट्यावर लेप बसतो.