मॅग्नेशियमच्या गोळ्या घेताना या चुका टाळा

रक्तातील मॅग्नेशियमचे प्रमाण साधारणपणे १.७ ते २.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असावे लागते. ते कमी भरले की गोळ्या सुरू होतात, पण पुढच्या तपासणीतही आकडा जेमतेमच हललेला दिसतो. अशा वेळी गोळी वाढवण्याआधी मॅग्नेशियम कोठून वाहून जाते आहे किंवा का शोषले जात नाही, हे पाहावे. लघवी वाढवणारी रक्तदाबाची काही औषधे, वर्षानुवर्षे घेतलेली पॅन्टोप्राझोलसारखी पित्ताची गोळी, जुनाट जुलाब किंवा नित्याचे मद्यपान ही त्याची नेहमीची कारणे आहेत. पित्ताची गोळी तर आपल्याकडे औषध म्हणून मोजलीच जात नाही, त्यामुळे डॉक्टरांना सांगायची राहून जाते.

दुसरी चूक मात्रेची असते. मॅग्नेशियम ऑक्साइड स्वस्त असते, परंतु ते कमी शोषले जाते आणि मोठ्या मात्रेत जुलाब घडवते. म्हणजे भरपाईसाठी घेतलेली गोळीच तूट वाढवू शकते. डॉक्टरांना विचारून मात्रा विभागून जेवणासोबत घ्यावी किंवा सायट्रेट, ग्लायसिनेट यांसारखा प्रकार निवडावा.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वेळेची चूक विशेष महत्त्वाची ठरते. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोपासून (चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गापासून) बचावासाठी डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविक गोळी दिली जाते; ती मॅग्नेशियमसोबत घेतल्यास दोन्हींचा पोटातच संयोग होऊन प्रतिजैविक पुरेसे शोषले जात नाही. चिखलात उतरणाऱ्या माणसाला हे परवडणारे नाही. त्यामुळे डॉक्सिसायक्लिन सकाळी आणि मॅग्नेशियम रात्रीच्या जेवणासोबत घेणे सोयीचे. थायरॉइडच्या गोळीपासूनही किमान चार तासांचे अंतर ठेवावे.

नाचणीची भाकरी, कुळीथ आणि काजू यांतून मॅग्नेशियम मिळते, ते जरूर खावे. मात्र ठळक कमतरता केवळ आहाराने लवकर भरून निघत नाही. आकडा सुधारताच गोळ्या थांबवणेही घाईचे होय, कारण शरीरातील एक टक्क्याहून कमी मॅग्नेशियम रक्तात असते आणि हाडा-स्नायूंतील साठा भरण्यास अनेक आठवडे लागतात. पोटॅशियम किंवा कॅल्शियम औषध देऊनही वाढत नसेल, तर मॅग्नेशियम तपासून घ्यावे. ते भरल्याशिवाय ही दोन्ही अनेकदा सावरत नाहीत.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नयेत, कारण जादा मॅग्नेशियम बाहेर न पडता रक्तात साचते. झटके येणे, हृदयाचे ठोके अनियमित होणे किंवा शुद्ध हरपणे अशा लक्षणांत गोळीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तेथे मॅग्नेशियम शिरेतून द्यावे लागते.